घराजवळचं थेटर उशीर विकायचं: रिळांच्या पेटीपासून चावीच्या फाइलपर्यंत

कुणालाही विचारा, लहानपणी घराजवळ थेटर होतं का, आणि मग नुसतं ऐकत बसा. पिक्चरचं नाव सहसा सगळ्यात शेवटी येतं. आधी येते ती मोडकी खुर्ची, मग कोणाबरोबर गेलो होतो, चालत गेलो की सायकलवर, पुढच्या रांगेत बसून मान कशी अवघडली, आणि रीळ तुटलं तेव्हा सगळं थेटर कसं बोंबललं. अ‍ॅनेट कून नावाच्या ब्रिटिश अभ्यासक १९९० च्या दशकात अशा म्हाताऱ्या माणसांशी बोलल्या ज्यांचं लहानपण-तरुणपण १९३० च्या दशकात गेलं होतं, त्यांनाही हेच दिसलं की लोकांना सिनेमा कमी आणि सिनेमाला जाणं जास्त आठवतं.

आता गंमत अशी की या आठवणी जगात कुठल्याही माणसाच्या काढा, बऱ्याचशा सारख्याच निघतात. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या उभ्या रेघा, मधेच उडी मारणारं चित्र, पिक्चर मोठ्या शहरात येऊन गेल्यावर कितीतरी दिवसांनी आपल्याकडे लागणं, केबिनकडे बघून मारलेल्या शिट्ट्या. माणसं वेगळी, भाषा वेगळी, पण आठवणी त्याच, आणि हा योगायोग नाहीये. त्यामागे एक मशीन होतं आणि धंद्याची एक पद्धत होती, ती दोन्ही समजली की थेटरं का बंद पडली आणि जी उरलीयत ती आज काय करतायत हे पण बरंचसं उलगडतं. मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली, कारण सगळे एकच उत्तर देतात, "टीव्ही आला आणि थेटरं गेली." ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

सुरुवात पेटीपासून करू. आज पिक्चर म्हटलं की फाइल डोळ्यासमोर येते, तेव्हा पिक्चर म्हणजे उचलून न्यायची वस्तू होती. ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी, दोन्ही कडांना भोकं, एका फुटात १६ चित्रं. सेकंदाला २४ चित्रं दाखवायची म्हणजे मिनिटाला ९० फूट पट्टी मशीनमधून जायची, आणि दोन तासांचा पिक्चर म्हणजे १०,८०० फूट, जवळपास ३.३ किलोमीटर. हे सगळं रिळांत गुंडाळून पेटीत भरलं की वजन पंचवीस किलोच्या आसपास. अशी एक प्रिंट काढायला शेवटच्या काळात हजार-दीड हजार डॉलर लागायचे, आधीच्या काळात पैशांचा आकडा वेगळा असेल पण तेव्हाही ती महागच. म्हणजे हजारो थेटरं असली तरी तेवढ्या प्रिंटा कोणी काढत नव्हतं. थोड्या काढायच्या आणि फिरवायच्या.

आणि फिरवायच्या कशा, तर वरून खाली. आधी मोठ्या शहराच्या मध्यभागातली झगमगाटी थेटरं, तिथे तिकीट महाग. तिथला जोर ओसरला की पेटी उपनगरात, मग छोट्या गावात, मग अजून छोट्या. अमेरिकेत याची अगदी लेखी पद्धत होती. शहराचे विभाग पाडलेले, कुठलं थेटर पहिल्या फेरीचं, कुठलं दुसऱ्या, कुठलं तिसऱ्या हे ठरलेलं, आणि दोन फेऱ्यांमध्ये किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते पण करारात. अंतर मुद्दाम ठेवायचे बरं का, प्रिंट नाही म्हणून फक्त नाही. कारण चार दिवसांनी घराजवळ अर्ध्या पैशात पिक्चर येणार हे कळलं तर महागडं तिकीट कोण काढेल? ज्याला घाई आहे त्याने जास्त पैसे मोजावेत, ज्याला नाही त्याने थांबावं.

म्हणजे घराजवळचं थेटर खरं तर काय विकत होतं, तर उशीर. स्वस्तातला उशीर. सगळ्या लेखात एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल, बाकीचं त्यावरूनच पुढे जातं.

या पद्धतीत दादागिरी पण भरपूर होती. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंची स्वतःचीच थेटरं होती, पहिल्या फेरीची बहुतेक चांगली थेटरं त्यांच्याच ताब्यात. बाहेरच्या छोट्या मालकाला एक चांगला पिक्चर पाहिजे असेल तर त्याच्या गळ्यात न बघितलेले चार फालतू पिक्चर पण बांधायचे. १९४८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंट या स्टुडिओविरुद्धच्या खटल्यात हे बेकायदा ठरवलं आणि स्टुडिओंना आपली थेटरं वेगळी करावी लागली. (त्या खटल्यातून आलेले नियम २०२० मध्ये कोर्टाने संपवले, पण तोपर्यंत लढाईच बदलली होती.) कोर्टाने मालकी मोडली, पण उशिराची शिडी मात्र पुढे बरीच वर्षं टिकली, कारण प्रिंट महाग होती ती होतीच.

आता रेघा कुठून येतात ते बघा. पट्टी वरून खाली धावते, दिव्यासमोरच्या फटीत धुळीचा एखादा कण अडकला की तो धावत्या पट्टीवर ओरखडा काढत जातो, म्हणून रेघा कायम उभ्या, आडवी रेघ क्वचितच. प्रत्येक खेळाला थोडे ओरखडे, आणि तुमच्या थेटरात ती पेटी येईपर्यंत तिचे शेकडो खेळ झालेले. रिळाची सुरुवात आणि शेवट सगळ्यात जास्त घासलेले, कारण तिथे माणसाचे हात लागतात, पट्टी मशीनमध्ये ओवताना आणि काढताना. पट्टी तुटली की ऑपरेटर फाटकी चार-सहा चित्रं कापून टाकायचा आणि टोकं जोडायचा. ती चित्रं गेली ती गेलीच, पुढच्या गावाला पिक्चर तेवढा कमी. म्हणून शेवटच्या फेरीच्या थेटरात माणूस दाराकडे निघाला की एकदम दाराबाहेरच दिसायचा, मधलं चालणं वाटेत कुठेतरी कापलं गेलेलं.

यात एक बारीक मजा आहे. आवाजाची पट्टी चित्राच्या शेजारीच छापलेली असते, पण चित्र दाखवायची जागा आणि आवाज वाचायची जागा मशीनमध्ये वेगवेगळी, साधारण वीस चित्रांचं अंतर. त्यामुळे जोड आला की आधी चित्र उडी मारायचं आणि जवळजवळ एक सेकंदाने आवाज टक् करायचा. तुम्हाला जर असं आठवत असेल की आधी काहीतरी हललं आणि मग ठक झालं, तर आठवण बरोबर आहे तुमची.

केबिनमध्ये काय चालायचं हे बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसायचं. पट्टी सलग सरकत नाही, ती सेकंदाला २४ वेळा थांबते. एक चित्र येऊन थांबतं, दिसतं, मग पाकळ्यांचं एक फिरतं झाकण प्रकाश अडवतं, त्या अंधारात पुढचं चित्र खाली ओढलं जातं. त्यात परत थांबलेल्या चित्रावरही ते झाकण एकदा मधे येऊन जातं, म्हणजे डोळ्याला सेकंदाला ४८ लुकलुकी मिळतात आणि मग लुकलुक जाणवत नाही. हिशोब केला तर पडदा जवळपास अर्धा वेळ काळा असायचा. दोन तासांच्या पिक्चरमध्ये तासभर आपण निव्वळ अंधारात बसलेलो असायचो आणि पैसे मात्र पूर्ण द्यायचो.

एक मोठं रीळ २,००० फुटांचं, म्हणजे जेमतेम वीस-बावीस मिनिटं. दिवा पण कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून केलेला, कांड्या जळत जळत लहान व्हायच्या, त्यांच्यातलं अंतर सतत सांभाळायला लागायचं, नाहीतर पडदा पिवळा पडायचा. म्हणून मशीन दोन. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं ओवून तयार. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकायचा, चार चित्रांपुरता, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तो दिसला की ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करणार, सातएक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की पडद्यावरचा प्रकाश पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर. हात बसलेला ऑपरेटर असेल तर प्रेक्षकांना पत्ता लागायचा नाही. डुलकी लागली असेल तर पांढरा पडदा, आणि शिट्ट्या. एकदा हा ठिपका कोणी दाखवला की मग आयुष्यभर तो दिसत राहतो, मी तुमचं हे नुकसान आत्ताच करून ठेवतोय.

केबिनची खिडकी एवढीशी का असायची, याचं कारण आग. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बऱ्याच फिल्मा नायट्रेटच्या असायच्या, आणि नायट्रेट पेटलं की ते स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच तयार करतं, पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं. १८९७ साली पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमा दाखवताना प्रोजेक्टरच्या दिव्यात घालायच्या इथरने पेट घेतला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. नंतर ब्रिटनने १९०९ मध्ये कायदाच केला, त्यानंतर मशीनची खोली प्रेक्षकांपासून वेगळी आणि आग न लागणारी असणं सक्तीचं झालं. खिडक्यांवर लोखंडी झडपा, आग लागली की खाली पडणाऱ्या. आपल्याला रोमँटिक वाटणारी ती अंधारी केबिन आणि तिच्यातून येणारा प्रकाशाचा झोत, खरं म्हणजे ती भट्टीची खबरदारी होती.

लोक थेटराचा वापर कसा करायचे हे पण आजच्यापेक्षा फार वेगळं. ब्रिटन-अमेरिकेत बरीच वर्षं खेळ सलग चालायचे, एक तिकीट काढायचं आणि कधीही आत शिरायचं. पिक्चर अर्धा झालेला असेल तर अर्ध्यापासून बघायचा, मग बातम्यांची फिल्म, कार्टून, दुसरा पिक्चर, आणि मग परत पहिला सुरू झाला की जिथून बघायला लागलो तो भाग आला म्हणून उठायचं. १९६० मध्ये दिग्दर्शक हिचकॉकने आपला सायको हा पिक्चर लागल्यावर कुणालाही उशिरा आत सोडू नका असा दंडक घातला ती केवढी बातमी झाली होती, यावरूनच लोकांची सवय काय होती ते कळतं. टीव्ही नव्हता तेव्हा हलत्या बातम्या बघायची जागा पण थेटरच. आणि गारवा! १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थेटरात विलिस कॅरिअरने आपली गार हवेची यंत्रणा बसवली, त्यानंतर उन्हाळ्यात थेटर हीच गल्लीतली थंड जागा झाली, पडद्यावर काय लागलंय याच्याशी कित्येकांना घेणंदेणं नसायचं. कोणी झोपायला यायचं, कोणी भेटायला, कोणी पोरं गप्प बसावीत म्हणून. पिक्चर हे निमित्त. मला वाटतं आठवणीत पिक्चरचं नाव शेवटी येतं ते याच कारणाने.

मग बिघडलं कुठे?

टीव्ही तर आहेच, आकडे बोलके आहेत. ब्रिटनमध्ये १९४६ साली वर्षाला १६३ कोटींच्या वर तिकिटं विकली गेली. १९८४ मध्ये ५ कोटी ४० लाख. अडतीस वर्षांत तीस पटीने खाली. पण टीव्हीने जे मारलं ते सवयीचं जाणं, म्हणजे काही लागलेलं असो, आठवड्यातून दोनदा थेटरात जाऊन बसायचं ते. उशिराचा धंदा त्यानंतरही चालू होता, तो मारला दोन वेगळ्या गोष्टींनी.

एक म्हणजे सगळीकडे एकदम लावायची पद्धत. १९७५ च्या जूनमध्ये जॉज हा पिक्चर अमेरिकेत एकाच दिवशी ४०० हून जास्त थेटरांत लागला, आणि त्याआधी टीव्हीवर जाहिरातींचा धडाका. पूर्वी मोठ्या पिक्चरची इज्जत अशी की थोड्या थेटरांत लावायचा आणि हळूहळू पसरू द्यायचा, एकदम सगळीकडे लावला म्हणजे पिक्चरमध्ये दम नाही, बदनामी होण्याआधी पैसे गोळा करायचेत असा अर्थ. जॉजने ते उलटं केलं. जाहिरात देशभर एकदम होते तर पिक्चर पण देशभर एकदमच हवा. आज तिथे मोठा पिक्चर ४,००० हून जास्त ठिकाणी पहिल्या दिवशी लागतो. सगळ्यांना पहिल्या दिवशी मिळालं की मग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला उरतं काय?

दुसरी गोष्ट व्हिडिओ कॅसेट. १९७५-७६ मध्ये बीटामॅक्स आणि व्हीएचएस आले, आणि ज्याला घाई नाही त्याच्यासाठी थांबण्याची नवी जागा तयार झाली, स्वतःचं घर. म्हणजे उशीर विकायचा धंदा संपला नाही, तो थेटराच्या हातातून निघून गेला. आधी कॅसेटच्या दुकानाकडे, मग डीव्हीडीकडे, आता स्ट्रीमिंगकडे. आणि तो उशीर पण आकसत चाललाय. थेटर आणि घर यांच्यात साधारण ९० दिवसांचं अंतर ठेवायची पद्धत होती, जुलै २०२० मध्ये युनिव्हर्सल आणि एएमसी या थेटर कंपनीत करार झाला त्यात ते १७ दिवसांवर आलं. आता बऱ्याच पिक्चरना ४५ दिवसांच्या आसपास धरतात, काहींना त्याहून कमी.

मल्टिप्लेक्सचं तर सगळ्यांना माहितीये, फक्त त्यामागचं गणित सांगतो. १९६३ मध्ये स्टॅन्ली डरवुडने कॅन्सस सिटीत एका शॉपिंग सेंटरमध्ये दोन पडद्यांचं थेटर काढलं. तिकीट खिडकी एक, केबिन एक, पडदे दोन. नंतर आडव्या मोठ्या तबकड्या आल्या ज्यांवर सगळी रिळं जोडून एकच लांबलचक पट्टी ठेवता यायची, दिवेही झेनॉन वायूचे झाले जे तासन्‌तास आपोआप जळतात, म्हणजे रीळ बदलायला माणूस नको, एक ऑपरेटर आठ पडदे सांभाळू लागला. शिवाय एक पिक्चर पडला तर दुसरा तारून नेतो. एका पडद्याच्या थेटराला हा आधारच नाही, शुक्रवारी पिक्चर पडला की पूर्ण आठवडा पडला. ब्रिटनमध्ये तिकिटविक्रीचा तळ १९८४ चा, आणि पुढच्याच वर्षी मिल्टन कीन्समध्ये दहा पडद्यांचं पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं. लोक थेटरात परत आले, पण घराजवळच्या नाही.

शेवटचा मोठा धक्का डिजिटलचा, आणि हा भाग सगळ्यात कमी समजावून सांगितला जातो असं मला वाटतं म्हणून जरा थांबतो इथे.

२००२ मध्ये हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ एकत्र आले आणि २००५ मध्ये त्यांनी डिजिटल प्रोजेक्शनचे नियम छापले. आता पिक्चर एका हार्डडिस्कवर येतो, किंवा उपग्रहाने, किंवा इंटरनेटवरून. शे-दोनशे जीबीचं गाठोडं, त्यात प्रत्येक चित्र जागा कमी लागावी म्हणून वेगळं दाबून ठेवलेलं, आवाज न दाबता, आणि सगळं कुलूपबंद. कुलूप म्हणजे अक्षरशः कुलूप, गाठोडं हातात असलं तरी उघडत नाही. त्यासाठी चावीची एक छोटी फाइल वेगळी येते, ईमेलने पण येऊ शकते, आणि ती चावी त्याच थेटरातल्या त्याच सर्व्हरला लागते आणि ठरलेल्या तारखेच्या ठरलेल्या वेळेपासून ठरलेल्या वेळेपर्यंतच. शुक्रवारी सकाळी आठला सुरू होणार असेल तर सात एकोणसाठला चालणार नाही. पूर्वी एक प्रिंट सायकलवर टाकून दोन थेटरांत चालवायचे, इथलं रीळ संपलं की तिथे पळवायचं, प्रिंटच्या मालकाला कळलं तर भांडण, नाही कळलं तर दुप्पट धंदा. आता तसलं काही शक्यच नाही. ऑपरेटरच्या हातातलं सगळं कौशल्य गेलंच, पण त्याची लबाडी पण गेली.

यात वाचले कोणाचे पैसे? वितरकाचे. हजारो प्रिंटा काढायच्या वाचल्या. खर्च कोणाला? थेटरवाल्याला, नवीन प्रोजेक्टर आणि सर्व्हर, सुरुवातीच्या काळात एका पडद्यामागे पन्नास हजार डॉलरच्या वर. हे उघडउघड अन्यायाचं होतं म्हणून स्टुडिओंनी एक सोय काढली, नवा पिक्चर डिजिटलवर लावला की दर वेळी ठरावीक रक्कम थेटराच्या मशीनच्या हप्त्याला द्यायची. ऐकायला बरं वाटतं. पण ही रक्कम साधारणपणे पिक्चर पहिल्या फेरीत लावला तरच, उशिरा लावणाऱ्याला नाही, आणि जुने पिक्चर लावणाऱ्याला तर नाहीच. म्हणजे ज्या थेटरांना मदतीची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तीच बाहेर. २०११ मध्ये नॉर्वे हा सगळी थेटरं डिजिटल करणारा पहिला देश झाला, तिथे सगळ्या देशाने मिळून एकदम बदल केला म्हणून छोट्यांची फरपट कमी झाली. अमेरिकेत २०१४ च्या जानेवारीत बातमी आली की पॅरामाउंटने तिथे रीळ पाठवणं बंद केलं. त्या आसपासच्या वर्षांत कितीतरी छोट्या गावांत लोकांनी वर्गणी काढून थेटराला प्रोजेक्टर घेऊन दिला. जिथे वर्गणी जमली नाही तिथे कुलूप.

मशीन घेतलं तरी प्रश्न सुटला असं नाही. तिकिटाचा मोठा हिस्सा वितरकाकडे जातो, अमेरिकेत निम्म्याच्या वरच, आणि पहिल्या आठवड्यांत अजून जास्त. २०१७ मध्ये स्टार वॉर्सच्या नव्या पिक्चरसाठी डिस्नीने ६५ टक्के मागितले आणि सगळ्यात मोठ्या पडद्यावर सलग चार आठवडे ठेवायची अट घातली, तेव्हा एका पडद्याच्या काही मालकांनी सरळ नको म्हणून सांगितलं. का ते बघा. दोन हजार वस्तीच्या गावात ज्याला बघायचंय तो पहिल्या आठवड्यात बघून मोकळा होतो. उरलेले तीन आठवडे रिकाम्या खुर्च्यांना दाखवायचा का? थेटरात पॉपकॉर्न एवढं महाग का असतं त्याचं उत्तर पण यातच आहे, तिकिटाचे पैसे वाटून जातात, खाण्याचे सगळे थेटराचे.

बंद पडलेल्या थेटरांचं काय होतं तर काहीही होतं. डेट्रॉइटचं मिशिगन थेटर १९२६ मधलं, राजवाड्यासारखं, त्याच्या पोटात आज गाड्यांचं पार्किंग आहे, वर अजून ते नक्षीचं छत. पाडलं असतं, पण शेजारच्या ऑफिसच्या इमारतीला धोका झाला असता म्हणून नाही पाडलं. त्यात पुन्हा त्या जागेवरच हेन्री फोर्डने आपली पहिली मोटारगाडी बनवली होती, म्हणजे थेटर मधे येऊन गेलं आणि गाडी परत आपल्या जागी आली. ब्वेनोस आयरेसचं ग्रँड स्प्लेंडिड १९१९ चं नाट्यगृह, १९२९ पासून सिनेमा, आणि २००० पासून पुस्तकांचं दुकान, बाल्कनीत कपाटं आणि रंगमंचावर कॉफी. लंडनमधलं टूटिंगचं ग्रॅनाडा १९३१ चं, १९७३ मध्ये सिनेमा बंद आणि १९७६ पासून तिथे बिंगो. चर्च झालेली तर पुष्कळ. हे सगळं होण्याचं कारण साधं आहे, खांब नसलेला एवढा मोठा हॉल दुसरा कोण बांधून ठेवतो?

जी थेटरं थेटर म्हणूनच उरली त्यांच्याकडे बघितलं तर एक गोष्ट दिसते, त्यांनी नव्या पिक्चरच्या शर्यतीतून जवळजवळ अंग काढून घेतलंय. इंग्लंडमधल्या हॅरिचचं इलेक्ट्रिक पॅलेस १९११ चं, १९५६ मध्ये बंद झालं, पंचवीस वर्षं पडून होतं, १९८१ मध्ये गावकऱ्यांच्या ट्रस्टने परत उघडलं. अशा ठिकाणी तिकीट फाडणारा, दिवे घालवणारा, झाडू मारणारा, सगळे हौशी. त्यांना नफा नको, वीजबिल सुटलं पाहिजे, आणि हा फरक फार मोठा आहे, कारण मालकाला रोज हॉल भरायची चिंता, यांना आठवड्यातून तीन दिवस अर्धा भरला तरी पुरतो.

मग डिजिटलनेच दिलेली एक नवी सोय, थेट प्रक्षेपण. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने डिसेंबर २००६ पासून आपले प्रयोग थेटरांत थेट दाखवायला सुरुवात केली, लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून नाटकं. मंगळवारी रात्री जिथे बारा माणसं यायची तिथे ऑपेराला हॉल भरतो, आणि तिकीट पण चढ्या दराने. गंमत म्हणजे ही माणसं बरीचशी वयस्कर, ज्यांना मोठ्या शहरापर्यंत जायचा कंटाळा, म्हणजे लांबची गोष्ट जवळ आणून देणं हे थेटराचं जुनंच काम, फक्त आता उशीर न करता. दुपारचे खेळ तान्ह्या बाळांच्या आयांसाठी, दिवे अर्धे चालू आणि आवाज कमी, बाळ रडलं तर कोणी वळून बघत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी वेगळे खेळ, जिथे उठलं-फिरलं-बोललं तरी चालतं. खरं सांगू का, पूर्वी सगळेच खेळ असे असायचे. आत-बाहेर ये-जा, गप्पा, रडणारी पोरं. मधल्या काळात थेटर म्हणजे चिडीचूप बसायची जागा झाली आणि आता जुना गोंधळ वेळापत्रकात वेगळा छापून परत आणलाय.

आणि रीळ? ते पण परत आलंय, थोडंसं. लॉस एंजेलिसच्या न्यू बेव्हर्ली थेटरात २०१४ पासून फक्त फिल्मवरचेच पिक्चर दाखवतात. २०२३ मध्ये ओपनहायमर या पिक्चरच्या आयमॅक्स, म्हणजे अवाढव्य पडद्यासाठीच्या, ७० मिलिमीटर प्रिंटा जगात फक्त तीसएक ठिकाणी लागल्या, एकेक प्रिंट जवळपास १८ किलोमीटर लांब आणि २७० किलो वजनाची, आणि लोक त्यासाठी दुसऱ्या शहरांत प्रवास करून गेले. ज्या पेटीची वाट बघून लोक वैतागायचे तिच्या मागे आता लोकच धावतायत.

जुन्या प्रिंटा आज बऱ्याचशा अर्काइव्हमध्ये, म्हणजे फिल्मा जपून ठेवणाऱ्या संस्थांमध्ये असतात, आणि कुठलंही थेटर मागेल तर सरसकट देत नाहीत. बरेच अर्काइव्ह आधी विचारतात की तुमच्याकडे तबकडी आहे की दोन मशीनं? तबकडी असेल तर नाही म्हणतात, कारण तबकडीवर चढवायला रिळांची टोकं कापून एकमेकांना जोडावी लागतात, आणि आता प्रत्येक चित्र मोलाचं. दोन मशीनं पाहिजेत, रीळ संपलं की हाताने बदलणारा माणूस पाहिजे. तबकडी आली तेव्हा ज्यांनी दुसरं मशीन भंगारात घातलं ते आता सुटे भाग शोधत फिरतायत, आणि ज्या थेटरात जागा अडते म्हणून नुसतं बाजूला ढकलून ठेवलं होतं, तिथे कोणीतरी त्यावरची धूळ झटकून वीस वर्षांच्या पोरांना उजव्या कोपऱ्यातला तो ठिपका कसा पकडायचा ते शिकवतंय.